पितळी पाट्यांचे फाटक

मित्रांनो, फाटकाला दोन गोष्टी येतात, उघडणे आणि मिटणे. तिसरी, म्हणजे बोलणे, त्याला येते याचा कोणताही पुरावा अद्याप मिळालेला नाही. तरीही तुम्ही थांबला आहात, तेव्हा सांगते. मी एक जुने लाकडी फाटक आहे. दूर उत्तरेच्या थंड मुलखात, अल्मटोर्प येथे, विद्यापीठाचे प्रक्षेत्र, म्हणजे शिकवण्यासाठी राखलेले शेत, आहे. पुस्तकातील गाय आणि प्रत्यक्षातील गाय यांत किती अंतर असते, हे विद्यार्थ्यांनी चिखलात उभे राहून समजून घ्यावे यासाठी ते राखले आहे. त्या प्रक्षेत्रावरील गोठ्याची वाट जेथे संपते आणि कुरण जेथे सुरू होते, तेथे मी उभे आहे.

मला आल्गोत नावाच्या सुताराने घडवले. त्याने सावकाश वाढलेल्या पाइनचा गाभा निवडला, कारण गाभ्यात राळ असते आणि राळेने भरलेले लाकूड लवकर कुजत नाही. हे त्याला ठाऊक होते आणि विद्यापीठाच्या पाठ्यपुस्तकातही छापलेले होते. त्यामुळे या एका बाबतीत कोणाचे भांडण झाले नाही. पाच आडव्या पट्ट्या, एक तिरका आधार, लोखंडी बिजागऱ्या, आणि वरून तांबड्या मातीचा रंग. आमच्याकडील गोठ्यांना हाच रंग देतात. तो कोरडा आणि निस्तेज असतो. मी देखणे होते असा दावा मी करणार नाही. मी सरळ होते.

माझी कामाची वर्षे चांगली गेली. दर शरद ऋतूत नवे विद्यार्थी येत, आणि त्यांपैकी निम्म्यांना फाटक कोणत्या बाजूने ढकलावे हेही कळत नसे. गुनेल त्यांच्यापैकीच एक होती. शहरातील चौथ्या मजल्यावर वाढलेली ही मुलगी पहिल्याच दिवशी मला उघडून नेमकी वाटेच्या मधोमध उभी राहिली आणि गाई का येत नाहीत याचा विचार करत बसली. त्या विचारातून ती पुढे कधी बाहेर पडलीच नाही. शिकून ती येथेच प्राध्यापक झाली, आणि गाय का थांबते, का वळते, कशाला बिचकते हाच तिचा विषय झाला.

तिची शिकवण्याची एक रीत होती. गाय हाकण्याआधी त्या वाटेने स्वतः चालून यायचे. आणि तेही ताठ नव्हे, तर कमरेत वाकून, आपले डोळे गाईच्या डोळ्यांच्या उंचीला आणून. आपल्याला जी सावली वाटते ती गाईला खड्डा वाटू शकते, आणि हे उभ्या माणसाला दिसत नाही.

"गुनेल, माझी पाठ मोडली," एखादा विद्यार्थी कुरकुरत असे.

"गाईने कधी तक्रार केली?"

"गाईला चार पाय आहेत."

"मग तूही हात टेक ना."

मग नवा गोठा आला. त्याबरोबर दूध काढणारी यंत्रे आली आणि आपोआप मिटणारी पोलादी दारे आली. रोजच्या कामातून मी सुटले. वर्षातील एकच दिवस माझ्याकडे उरला, तो म्हणजे गाई सोडण्याचा. आमच्याकडे हिवाळाभर गाई गोठ्यात असतात. वसंतात गवत पायाखाली दबण्याइतके वाढले, की त्यांना एकदम कुरणात सोडतात, आणि ते पाहायला शहरातून माणसे लोटतात. अवजड, पोक्त गाई त्या दिवशी शेपटी उभारून उधळतात, मागचे पाय हवेत झाडतात. तेवढ्या एका सकाळी माझे फोटो निघत. उरलेले वर्षभर माझ्यावर शेवाळ वाढे आणि माझा एक खांब हळूहळू पश्चिमेकडे झुकत जाई.

अगदीच कोणी विचारत नसे असे मात्र नाही. प्रक्षेत्राचे एक स्नेहमंडळ होते. त्यातील लोक शनिवारी येऊन कुंपण दुरुस्त करत, गवत कापणीला हात लावत, येथले चीज विकत घेत. काही जण एखाद्या गाईचे पालकत्व घेत आणि तिचा फोटो आपल्या स्वयंपाकघरात लावत. मदत ही आपोआप चांगलीच असते असे मात्र समजू नका. एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने मोठ्या प्रेमाने माझी बिजागरी उलटी बसवली. तो उन्हाळाभर मी जाणाऱ्या प्रत्येकाच्या टाचेवर आपटत होते. पुढच्या वर्षी त्यानेच ती सरळ केली. तोवर तो बिजागरी म्हणजे काय हे शिकला होता, आणि शिक्षणाच्या प्रक्षेत्रावर हेही कामच म्हणायचे.

आता ज्या वसंताविषयी सांगायचे आहे त्याकडे येते.

त्या वर्षी विद्याशाखेचा प्रमुख स्टाफान याने गुनेलला माझ्याजवळच उभे करून सांगितले, की गोठा परवडत नाही. गाई विकून टाकाव्यात, विद्यार्थ्यांनी एखाद्या खासगी गोठ्याला वर्षातून एकदा भेट द्यावी आणि बाकीचे पडद्यावर शिकावे, असा प्रस्ताव होता. निर्णय जूनमध्ये व्हायचा होता. तोवर स्नेहमंडळाचे सभासद पुरेसे वाढले तरच गोठा राहणार होता. आणि सभासद वाढायचे तर ते गाई सोडण्याच्या दिवशीच वाढणार, कारण एरवी तेथे कोण फिरकते?

"म्हणून मी काय केलंय," स्टाफान म्हणाला, "ज्यांनी आधी मोठ्या देणग्या दिल्यात त्यांची नावं पितळेच्या पाट्यांवर कोरून घेतलीत. फाटकावर लावायची."

"फाटकावर कशाला? भिंत काय वाईट आहे?"

"भिंतीचा फोटो कोण काढतं, गुनेल? गोठ्याकडच्या अंगाला लावू. फाटक उघडलं की तीच बाजू कॅमेऱ्यासमोर येते."

"लाव बाबा. मला कुंपणाचं बघायचंय."

"आणि या वेळी माइकवर तेवढं एक वाक्य म्हण. गाई आनंदाने नाचतात."

"ते मला माहीत नाही."

"सगळ्या जगाला माहीत आहे."

"मग जगालाच माइक दे."

"लोक आनंदासाठी सभासद होतात गं. 'दीर्घकाळ बांधून ठेवल्यानंतरची स्नायूंची हालचाल' ऐकून कोणी खिशात हात घालत नाही."

गुनेल कुंपणाकडे वळली. त्याचे म्हणणे चुकीचे आहे असे तिला वाटत नव्हते. तीच तर अडचण होती. तिने आयुष्यात जे सिद्ध होते तेवढेच वर्गात सांगितले होते, आणि तसे सांगणाऱ्या माणसाभोवती गर्दी जमत नाही.

पाट्या लागल्या. घासून पुसून आरशासारख्या केलेल्या. तो आठवडाभर आभाळ गच्च होते. गुनेलने विद्यार्थ्यांना घेऊन रंगीत तालीम केली, वाटेने वाकूनही चालून पाहिले, आणि कोठेच काही खटकले नाही. जी पाहणी ढगाळ दिवशी केली ती उन्हाच्या दिवसाविषयी काही सांगत नाही. हे तिने दुसऱ्या कोणाच्या प्रयोगात चटकन दाखवून दिले असते.

गाई सोडण्याच्या सकाळी लख्ख ऊन पडले.

लोक आले. मुले बापांच्या खांद्यांवर बसली. कॉफीच्या मोठ्या किटल्या आणि दालचिनीचे गोड बन मांडले गेले. वारा बोचरा होता, तरी सगळे हसत होते. सर्वांत पुढे दाग्नी बसली होती, काठी गुडघ्यांवर आडवी ठेवून. तिचा नवरा तूरे हा पशुवैद्य होता आणि विद्यार्थ्यांना गाईचे बाळंतपण शिकवायला वर्षानुवर्षे येथे येत असे. तो गेल्यावर तिने तळ्याकाठचे त्यांचे उन्हाळी घर विकून ते पैसे त्याच्या नावाने प्रक्षेत्राला दिले होते. तूरेची राख त्याच्याच इच्छेने स्मृतिवनात, इतरांच्या राखेबरोबर, कोणत्याही दगडाविना मिसळली होती. त्यामुळे त्याचे नाव कोठे कोरलेले असेल तर ते माझ्यावर, सर्वांत मोठ्या पाटीवर. दाग्नी सकाळी सर्वांच्या आधी येऊन ती पाहून गेली होती. बोट अक्षरांवरून एकदा फिरवून.

मला उघडून बाजूला लावले. गोठ्याचे दार सरकले. कळपाची पुढारी मायरोस बाहेर आली, अर्ध्या वाटेपर्यंत चालली, आणि थांबली. तिने मान खाली घातली, नाकपुड्या फुगवल्या, आणि ती माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या मागे सगळा कळप दाटला. गाईंमध्ये पुढारी थांबली की मागच्यांना कारण विचारण्याची पद्धत नाही.

पिवळी जाकिटे घातलेल्या विद्यार्थ्यांनी तिला मागून चुचकारले. ती वळली आणि गोठ्यात परत गेली. तिला पुन्हा आणले. पुन्हा तेच.

"गाई जरा लाजल्यात," स्टाफान माइकवर म्हणाला. लोक हसले. थोड्या वेळाने त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटले, तेव्हा कोणी हसले नाही. कॉफी संपली. मुले रडू लागली. मागच्या बाजूची काही माणसे बसथांब्याकडे निघाली.

"चल गं," गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीला टेकलेला एक माणूस बायकोला म्हणाला. "आतच बरं वाटतंय त्यांना."

"मग एवढं कुरण राखायचा हट्ट कशाला?"

हे गुनेलने ऐकले. मी तिचा चेहरा पाहत होते. जूनमधील बैठकीत हेच वाक्य अधिक सभ्य शब्दांत मांडले जाणार होते, आणि त्याला उत्तर देण्यासाठी तिच्यापाशी आजच्या दिवसाखेरीज काही नव्हते.

ती गोठ्याच्या दारापाशी गेली. अंगात ठेवणीतला कोट होता. तिने त्याची टोके गुडघ्यांवर गोळा केली, कमरेत वाकली, मान पुढे काढली आणि वाटेने चालू लागली. एका प्राध्यापक बाईने चारचौघांत असे चालणे हे पाहायला लोक आले नव्हते. पण दुसरे काही घडत नसल्याने सर्वांनी तेच पाहिले. हशा उसळला.

"बाई, काही हरवलंय का?" कोणीतरी ओरडले.

"हो. गाई."

स्टाफान दोरी ओलांडून आला. "गुनेल, ऊठ. सगळे बघताहेत."

"मीही तेच करतेय. बाजूला हो, तुझी सावली पडतेय."

मायरोस जेथे थांबत होती तेथे पोहोचल्यावर गुनेलने एकदम हात डोळ्यांवर घेतला. माझ्या पाट्यांवरून उलटलेले ऊन नेमके त्या उंचीला, नेमके त्या जागी येत होते. उभ्या माणसाच्या ते छातीवर पडे आणि कळतही नसे. ती तशीच वाकलेली राहिली, क्षणभर.

"पाट्या," ती म्हणाली. "मी हो म्हटलं होतं. काढायला हव्यात."

"आत्ता? पक्क्या ठोकल्यात त्या. आणि ज्यांची नावं आहेत ते समोर बसलेत." स्टाफानचा आवाज खाली आला होता. "वर एखादं कापड टाकू."

"कापड वाऱ्याने फडफडेल. मग तर त्या दारातूनही बाहेर येणार नाहीत."

दाग्नी काठी टेकत जवळ आली होती. "काय झालं?"

"काही नाही, काही नाही," स्टाफान म्हणाला. "तुम्ही बसा ना, तुम्हाला थंडी वाजेल."

"तुम्ही म्हणजे कोण? मी एकटीच आले आहे." आमच्याकडे सगळे एकमेकांना नावाने आणि एकेरीच हाक मारतात, कोणी 'तुम्ही' म्हटले की माणसे सावध होतात. ती गुनेलकडे वळली. "तू सांग."

गुनेल सरळ उभी राहिली. तिला गोड बोलता येत नव्हते, आणि आयत्या वेळी ते शिकणे शक्य नव्हते. "तूरेच्या नावावरून ऊन उलटतंय. गाईंचे डोळे दिपताहेत. म्हणून त्या येत नाहीत."

दाग्नी पाटीकडे पाहत राहिली.  मागे आणखी काही माणसे बसकडे निघाल्याचे मला दिसत होते. पण मी फाटक आहे, मला कोणाला थांबवायचे तर त्याने माझ्यातूनच जायला हवे.

मग दाग्नीने काठी गुनेलच्या हातात दिली. खाली वाकली. मायरोसने दोन वेळा येऊन जाताना वाटेवर जे टाकले होते ते अजून वाफाळत होते. तिने त्यातले ओंजळभर उचलले आणि तूरेच्या नावावर थापले. डावीकडून उजवीकडे, नीट, भाकरीवर लोणी पसरावे तसे. पहिले अक्षर गेले, मग दुसरे.

"चाळीस वर्षं हा माणूस हे अंगावर घेऊन घरी यायचा," ती म्हणाली. "दारातच कपडे काढ म्हणून मी ओरडायचे. आज माझ्याच हाताने."

 मग ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा एक व्यापारी, ज्याची पाटी खालून दुसरी होती, दोरीखालून वाकून आला. "माझ्यावरही थाप," तो म्हणाला. "नाहीतरी आडनाव चुकीचंच कोरलंय."

"तुझं तू थाप की. हात नाहीत तुला?"

त्याने थापले. बाकीच्यांनीही थापले. एकीने हातमोजे घालून. स्टाफानने बाही सरसावली आणि उरलेल्या कोपऱ्यांकडे लक्ष दिले. हे त्याच्याविषयी नोंदवणे न्याय्य ठरेल. माझ्याविषयी विचाराल, तर तो लेप गरम होता आणि त्या बोचऱ्या वाऱ्यात मला तो वाईट वाटला नाही.

सगळे बाजूला झाले. मायरोस पुन्हा आली. त्याच जागी तिने पाऊल क्षणभर उचलून धरले. मग ते टेकवले, आणि ती माझ्याजवळून गेली. गवत पायाला लागताच तिची मान खाली गेली, मागचे पाय वर गेले, आणि सहाशे किलोची ती पोक्त बाई हवेत होती. मागून सगळा कळप. जमीन हादरत होती, माझ्या बिजागऱ्या खुळखुळत होत्या. बसथांब्यावरून माणसे परत धावत आली.

स्टाफानने गुनेलच्या हातात माइक दिला.  शेणाचे हात अंगापासून दूर धरून दाग्नी शेजारीच उभी होती.

"आनंदाने ना गं?" तिने विचारले. माइक चालू होता.

गुनेलने कुरणाकडे पाहिले. "ठाऊक नाही," ती म्हणाली. "खरंच ठाऊक नाही. पण दार मागे उघडंच आहे आणि एकही परत आत गेलेली नाही. मला एवढंच सांगता येईल."

त्या दिवशी सभासदांची रांग गोठ्याला वळसा घालून गेली. त्या वाक्यामुळे गेली असे मी म्हणणार नाही. त्याच वेळी पलीकडे उरलेले बन फुकट वाटले जात होते, आणि दोन कारणे एकाच वेळी हजर असली की कोणत्याने काम केले हे सांगता येत नाही. जूनमध्ये मात्र गाई राहिल्या. येथे पहिल्यांदाच चिखलात उभी राहणारी मुले अजूनही दर शरदात येतात आणि मला चुकीच्या बाजूने ढकलतात.

पाट्या पुढे पावसाने धुतल्या गेल्या. मग त्या काढून चाऱ्याच्या खोलीतील भिंतीवर लावल्या. तेथे ऊन येत नाही आणि गाई जात नाहीत. तूरेची पाटी तेथे लावायला दाग्नीने नकार दिला. ती माझ्यावरच, पण मागच्या अंगाला बसवली आहे. ती आता कोणी घासत नाही. पितळ काळपट तांबडे पडले आहे, माझ्याच रंगाचे झाले आहे.

पुढच्या वसंतात मला उघडण्याचा मान दाग्नीने मागून घेतला. स्टाफान आनंदला, त्याने छायाचित्रकारही ठरवला. फाटक उघडून धरणाऱ्याने कोठे उभे राहायचे असते हे मात्र त्याने विचारले नव्हते. गाईंना वाट मोकळी दिसली पाहिजे. म्हणून उघडणारा फाटकाबरोबर मागे सरकतो आणि फाटक व कुंपण यांच्यामधील अरुंद जागेत, अंग चोरून, सगळा कळप जाईपर्यंत उभा राहतो. त्या वर्षीच्या फोटोत मायरोस आहे, हवेत उडालेली मातीची ढेकळे आहेत, तोंड उघडे टाकलेली माणसे आहेत, मी आहे. दाग्नी नाही. त्या वेळी ती माझ्या पाठीशी उभी होती, तूरेच्या नावासमोर, आणि तिचा हात मला कळत होता.

मित्रांनो, तुमच्या गावाजवळही एखादे प्रक्षेत्र असेल. तेथे जा. कुंपणाचे खिळे ठोका, बिजागरी उलटी बसली तर पुन्हा बसवा, एखाद्या गाईचे पालक व्हा, जमेल ते द्या. तेथल्या लोकांना तुमची गरज आहे, हे मी अंदाजाने नाही, इतकी वर्षे येथे उभे राहून सांगते आहे. फक्त काही लावण्याआधी, काही देण्याआधी, एकदा वाकून त्या वाटेने चालून पाहा. आणि इतकी माणसे आली तर उभे कोठे राहायचे, अशी काळजी करू नका. माझ्या मागे जागा आहे.